दुबईत चालतं, दापोलीत का नाही?

दुबईत मी सहा वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली. देरामधल्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण होतो, त्यातला एक दापोली तालुक्यातला. त्याचं आणि बायकोचं पटेना, प्रकरण तिथल्या कोर्टात गेलं. आधी दोघांना समुपदेशनाला बसवलं, मग कागदपत्रं मागितली, मुलाचा खर्च ठरवला. हा गडी हूं की चूं न करता सगळीकडे सह्या करून आला. आणि त्याच आठवड्यात त्याने ग्रुपवर व्हिडिओ टाकला : भारतात मुस्लिम कायद्याला हात लावाल तर शरीयत धोक्यात येईल!

मी विचारलं, "मग तू गेलास ते कोर्ट कशावर चालतं?"

"ती शरीयतच आहे ना."

अगदी बरोबर. माझंही म्हणणं तेच आहे.

यूएईने 2005 मध्ये आपला कौटुंबिक कायदा कलमवार लिहून काढला. पुढे तो बाजूला ठेवून नवा केला, जो 15 एप्रिल 2025 पासून लागू आहे. जुन्या कायद्यात आईकडे मुलाचा ताबा 11 वर्षांपर्यंत आणि मुलीचा 13 पर्यंत असे, आता ताब्याची मुदत दोघांसाठी 18 वर्षं आहे. नवऱ्याने तलाक दिला तर 15 दिवसांत कोर्टात त्याची नोंद करावी लागते. या वीस वर्षांत कुराण बदललं का? नाही. बदलला तो माणसांनी लिहिलेला कायदा. इजिप्तने तर 1929 मध्येच ठरवलं की एका दमात तीनदा म्हटलेला तलाक एकच धरायचा. मोरोक्कोने 2004 मध्ये मुलामुलींचं लग्नाचं वय 18 केलं. तिथे कुणी इस्लाम बुडाल्याची हाकाटी करत नाही.

आपल्याकडे काय आहे? 1937 चा शरीयत ॲक्ट. छोटासा कायदा. तलाक कसा द्यायचा, मुलं कुणाकडे राहायची, याचा एकही नियम त्यात लिहिलेला नाही. मुसलमानांना शरीयत लागू, एवढंच. मी सॉफ्टवेअरवाला आहे. नियम कुठेच लिहिलेले नसले की प्रत्येक जण आपापला अर्थ काढतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा अर्थ चालतो, हे मला रोज दिसतं. घरात तो आवाज कुणाचा असतो, हे सांगायला हवं का?

माझ्या मावसबहिणीला 2015 मध्ये आखातातून फोनवर तीन तलाक आला. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. जमातीतल्या मोठ्यांनी मान हलवली, "झाला." कागद एकही नाही. मेहेर पाच हजार, तोही बाकी. नवरा समुद्रापलीकडे. दाद मागायची कुठे, हे सांगणाराही कुणी नव्हता. दोन वर्षांनी सुप्रीम कोर्टाने तिहेरी तलाक रद्द केला. 2019 मध्ये सरकारने त्यावर तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगाचा कायदा आणला. त्या तुरुंगाच्या कलमावर आपण आजही संतापतो. पण इजिप्तने नव्वद वर्षांपूर्वी केलं ते आपण स्वतः केलं असतं, तर ही वेळ आली असती का?

आणखी एक गंमत बघा. लग्नाची सरकारी नोंदणी म्हटलं की आपल्याकडे "धर्मात ढवळाढवळ" होते. पण बायकोला दुबईला न्यायचं ठरलं की तोच माणूस विवाहाचा दाखला काढतो, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणतो, यूएईच्या दूतावासाचाही आणतो. व्हिसासाठी नोंदणी हलाल आणि बायकोच्या हक्कासाठी हराम?

यूएई म्हणजे स्वर्ग आहे, असं मी म्हणत नाही. बहुपत्नीत्व तिथे आजही कायदेशीर आहे. फेब्रुवारी 2023 पासून बिगरमुस्लिम परदेशी लोकांना वेगळा कायदा आहे. त्यात नवरा-बायको कुणीही, दोष सिद्ध न करता घटस्फोट मागू शकतात आणि मुलांचा ताबा दोघांचा असतो. म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या केरळच्या ख्रिश्चन नर्सला जे मिळतं, ते आपल्या दापोलीच्या मुलीला मिळत नाही. पासपोर्ट मात्र दोघींचा एकच, भारताचा. शिवाय तिथला कायदा वरून फर्मानाने येतो. आपल्याकडे संसद आहे, मत आहे, बोलायची सोय आहे. म्हणून तर आपली जबाबदारी जास्त.

"आत्ताची वेळ चुकीची आहे, सत्ताधारी त्याचा फायदा घेतील," असं मित्र सांगतात. भीती खोटी नाही. पण 1966 मध्ये हमीद दलवाईंनी सात महिलांचा मोर्चा काढला, तेव्हाही वेळ चुकीचीच होती म्हणे. साठ वर्षं झाली, योग्य वेळ काही उजाडली नाही. उलट 1939 बघा. नवऱ्यापासून सुटका मागण्याचा हक्क मुस्लिम बाईला कायद्याने मिळाला, त्यामागे मौलाना अशरफ अली थानवींसारख्या उलेमांचा प्रयत्न होता. तेव्हा त्यांनी वेळ बघितली नाही, बायकांचे हाल बघितले.

मुस्लिम कौटुंबिक कायदा कलमवार लिहा, ही मागणी आपणच करायला हवी. तोपर्यंत निदान आपल्या घरातल्या निकाहनाम्यापासून सुरुवात करू. निकाह हा करार आहे, त्यात अटी घालता येतात. तलाकचा अधिकार बायकोलाही सोपवता येतो, त्याला तफवीज म्हणतात. मेहेर खराखुरा ठेवा, रोख द्या, नोंदणी करा. नोकरीचं ऑफर लेटर आपण ओळ न् ओळ वाचतो. निकाहनामा किती जणांनी वाचलाय?

माझी भाची आता शाळेत जाते. तिच्या निकाहाच्या वेळी तरी तिच्या हातात कागद असू दे.