गुलाबी पिल्लं आणि खुडूक कोंबडी

“जगत नसत्यात ती!” आठवडी बाजारात रंगवलेल्या पिल्लांची बुट्टी दिसली आणि पोरानं हट्ट धरला, की कोणीतरी मोठं माणूस हे वाक्य बोलतंच. या आठवड्यातही बोललं. पिल्लं घेऊन देणाराही हेच म्हणतो आणि दोन दिवसांनी खोक्यात मान टाकलेलं पिल्लू सापडलं की पुन्हा हेच म्हणतो. मधल्या रात्री त्या पिल्लाला ऊब मिळाली होती का, एवढा एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीतल्या एका घरी तीन आठवड्यांपूर्वी अशीच पाच पिल्लं आली. दोन गुलाबी, दोन हिरवी, एक जांभळं. नातवानं ती बुटांच्या खोक्यात ठेवली, कोपऱ्यात तांदळाची कणी टाकली, वाटीभर पाणी ठेवलं आणि झाकणाला भोकं पाडली. त्याला ठाऊक होतं तेवढं सगळं त्यानं मनापासून केलं. सकाळी तीन पिल्लं गेलेली होती. उरलेली दोन एकमेकांना चिकटून थरथरत होती. “आज्जी, मी काय चुकलो?” असं त्यानं विचारलं, तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी बाजारातलंच वाक्य त्याला ऐकवलं.

ही पिल्लं मुळात येतात कुठून, तेही सांगायला हवं. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातींचे नर अंडी देत नाहीत आणि त्यांच्या अंगावर मांसही लवकर भरत नाही. म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे केले जातात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची मागची बाजू पाहून लिंग ओळखायची रीत जपानमध्ये 1930च्या दशकात बसली आणि तिथून जगभर गेली. नको असलेले नर बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मारले जातात. जर्मनीनं 2022पासून त्याला कायद्यानं बंदी घातली. आपल्याकडे त्यातले काही रंगात भिजून बाजाराच्या बुट्टीत येतात.

बुट्टीत ती टुणटुणीत दिसतात, त्याला कारण आहे. कवच फोडण्याआधी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस काढतं. घरी येईपर्यंत शिदोरी संपत आलेली असते. त्यात रंगवताना अंग भिजलेलं, आणि आई कधी भेटलेलीच नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 35 अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढं दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. कोल्हापूरच्या थंडीतल्या रात्री पुठ्ठ्याच्या खोक्यात ही ऊब येणार कुठून?

“आम्ही बल्ब लावला होता की,” असं सांगणारेही भेटतात. पूर्वीचा साठ वॅटचा पिवळा बल्ब खरोखर तापायचा. पिल्लामागे दोन वॅट असा साधा हिशेब असायचा. 2015मध्ये उजाला योजना आली आणि घरोघरी एलईडी बल्ब लागले. विजेची बचत झाली, ते चांगलंच झालं. पण एलईडीच्या उजेडात पिल्लू लख्ख दिसतं आणि गारठून मरतं. जुन्या पद्धतीचा बल्ब मुद्दाम शोधून आणावा लागतो. तो किती उंचीवर टांगायचा, हे पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर गार आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर गरम आहे, आणि सगळीकडे पसरून टिपू लागली की ठीक आहे.

बाकी गोष्टी याहून सोप्या आहेत. पाणी उथळ ताटलीत आणि त्यात खडे, नाहीतर पिल्लू त्यातच बुडतं. दमून आलेल्या पिल्लांना पहिलं पाणी गुळाचं. गुऱ्हाळांच्या या मुलखात त्यासाठी कोणाला लांब जावं लागत नाही. खाली वर्तमानपत्राचा सपाट कागद नको, कारण त्यावर पाय घसरून फाकतात ते कायमचे. तूस अंथरलेलं बरं. नुसत्या कणीवर पिल्लू वाढत नाही, वीसेक टक्के प्रथिनं असलेलं पिल्लांचं खाद्यच द्यावं लागतं. आणि आठवड्याच्या आत मानमोडी रोगाची लस. तिची कुपी किमान शंभरेक पिल्लांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दोन पिल्लांसाठी ती कोण आणणार? पण गल्लीतल्या दहा घरांनी एकच दिवस ठरवला तर ती सहज आणता येते. भजनाला आणि भिशीला जमणारी गल्ली यासाठीही जमली पाहिजे.

गडमुडशिंगीतल्या त्या आज्जींनी मात्र बल्ब शोधला नाही. त्यांनी शेजारणीकडे चौकशी केली, “तुझी तांबडी कोंबडी अजून खुडूकच हाय न्हवं?”

खुडूक कोंबडीचं आपल्याकडे फार वाईट होतं. अंडी द्यायची थांबली, घरटं सोडेना, हात लावला की पिसं फुलवून चोच मारते, म्हणून तिला पाण्यात बुचकळतात, नाकपुडीत पीस खुपसतात. तिला लागलेली अंडी उबवायची ओढ मोडून तिनं पुन्हा अंड्याला लागावं, एवढ्यासाठी हे सगळं. व्हाईट लेगहॉर्नसारख्या जातींतून तर निवड करत करत ही ओढच जवळजवळ काढून टाकली आहे. त्या कोंबड्या वर्षाला अडीचशेहून जास्त अंडी देतात, पण अंड्यावर बसत नाहीत.

बसणारी कोंबडी काय करते, ते एकदा शांतपणे पाहावं. 21 दिवस ती दिवसातून एखाददा, तेही थोडाच वेळ, उठते. दाणा टिपते, पाणी पिते आणि परत येते. अंडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं फिरवते, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. शेवटच्या दिवसांत पिल्लू अंड्यातूनच चिवचिवतं आणि ती हळू आवाजात त्याला ओ देते. ही खुडूक कोंबडी म्हणजे ऊब, पहारा आणि शाळा, सगळं एकाच जीवात. विमानतळाच्या विस्तारासाठी जमीन दिलेल्या, परसं आक्रसत चाललेल्या गडमुडशिंगीत अशी कोंबडी सांभाळणारं घर अजून आहे, ही मोठी मोलाची गोष्ट आहे.

शेजारणीनं तांबडी खुराड्यासकट आणून दिली. उजेडात परकं पिल्लू दिसलं तर कोंबडी टोचू शकते, म्हणून आज्जी अंधार पडेपर्यंत थांबल्या. तोवर दोन्ही पिल्लं त्यांच्या पदरात होती. मग एकेक अंडं काढून घेत त्यांनी एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवलं. तांबडीनं घशातल्या घशात आवाज केला, अंग थोडं उचललं आणि पुन्हा टेकवलं. नातू बॅटरी लावायला निघाला, त्याचा हात आज्जींनी धरला.

सकाळी तांबडी उकिरड्याकडे निघाली, मागे एक गुलाबी, एक हिरवं. पायानं माती उकरायची, काही सापडलं की टकटक आवाज करून बोलवायचं, घारीची सावली पडली की पंख पसरायचे. आता दोघांच्याही पंखांच्या कडेला पांढरी पिसं फुटली आहेत. रंग पाठीवर तेवढा उरलाय. सांजेला तांबडी अंगणात बसली की दोन तोंडं तिच्या पिसांतून बाहेर येतात. आज्जी ती मोजतात आणि मगच डालगं झाकतात.