बदललेली खिडकी



आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत एक निवृत्त मास्तर सेवाभावाने लिखापढीचे काम पाहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. साठीनंतर ते हट्टाने संगणक शिकले. कुणाचा पेन्शनचा अर्ज भरून द्यावा, कुणाच्या परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र आईस वाचून दाखवावे, अशी कामे ते बिनबोभाट करीत. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी त्यांनी संगणक उघडला, तो पडद्याचे रूपच पालटलेले! वरची पट्टी नाहीशी झालेली, ओळखीचे एकही बटण जागेवर नाही. घाबऱ्या आवाजात ते म्हणाले, "फादर, माझ्या हातून काही बिघडलं की काय?"

आम्ही हसलो. "मास्तर, बिघडलं काहीच नाही. नवी आवृत्ती आली आहे, होईल सवय," एवढे बोलून आम्ही आपल्या कामास लागलो. त्यानंतर चार दिवस मास्तर कचेरीकडे फिरकले नाहीत.

ज्या खिडकीतून आपण इंटरनेटचे जग पाहतो, तिला ब्राउझर म्हणतात. ही खिडकी बदलली की जगभर कुरकुर होते. मोझिला या ना-नफा संस्थेच्या फायरफॉक्स ब्राउझरचेच उदाहरण घ्या. २९ एप्रिल २०१४ रोजी त्याची २९ वी आवृत्ती आली. तीत टॅबांच्या कडा गोलाकार झाल्या, तळाची पट्टी गेली, आणि कितीतरी गोष्टी उजवीकडच्या तीन रेघांच्या बटणाखाली जाऊन बसल्या. बटणे आपल्या पसंतीप्रमाणे मांडण्याची सुलभ सोय तीत होती, आणि ती पुष्कळांस आवडली. तथापि अनेक जुने वापरणारे रागावले. हे तर गूगलच्या क्रोमचे अनुकरण झाले, असे ते म्हणू लागले. जुने रूप परत आणणारी एक स्वतंत्र जोडणी तयार झाली व ती लोकप्रियही ठरली. परंतु १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या ५७ व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या जोडण्याच चालेनाशा झाल्या, आणि तो आधारही गेला. १ जून २०२१ रोजी ८९ व्या आवृत्तीने पुन्हा रूप पालटले, आणि पुन्हा तीच तक्रार झाली.

ही माणसे नव्याची वैरी असतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. स्वयंपाकघरात मिठाची बरणी कोठे आहे हे गृहिणीच्या हातास ठाऊक असते. तिला डोळे उघडून शोधावे लागत नाही. कुणी न सांगता ती बरणी हलवली, तर तिचा खोळंबा होतो तो बरणी नवी आहे म्हणून नव्हे, तर हाताने मिळविलेले ज्ञान एका क्षणात निरुपयोगी ठरते म्हणून. तरुणास तो घटकाभराचा त्रास असतो. ज्याने ते ज्ञान उतारवयात कष्टाने मिळविले, त्यास मात्र आपणच आता निरुपयोगी झालो असे वाटू लागते.

ख्रिस्तसभेसही हा अनुभव नवा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, वेदीचे तोंड लोकांकडे वळले, आणि ३० नोव्हेंबर १९६९ पासून नवा मिस्साविधी लागू झाला. ते सारे आमच्या जन्मापूर्वीचे. पण आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे, की स्वतःच्या भाषेतील प्रार्थना ऐकून डोळे भरून आले, आणि लहानपणापासून ओठांवर बसलेली लॅटिन प्रार्थना सुटताना जीवही तुटला. आनंद आणि दुःख, दोन्ही खरी होती. बदल आवश्यक होता म्हणून ते दुःख हसण्यावारी नेण्याचा अधिकार कुणास मिळत नाही.

बदल करणाऱ्यांनी एवढे ध्यानी धरावे, की उत्तम मेंढपाळ नव्या वाटेने नेताना कळपाच्या पुढे स्वतः चालतो, आणि मागे राहिलेल्या कोकरासाठी थांबतो. तक्रार करणाऱ्यांनीही राग आवरावा. पडद्यापलीकडे राबणारी माणसे आपलीच भावंडे आहेत.

असो. पाचव्या दिवशी आम्ही मास्तरांच्या घरी गेलो आणि त्या हसण्याबद्दल क्षमा मागितली. "फादर, तुम्ही क्षमा कसली मागता!" असे म्हणून त्यांनी चहा टाकावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी दोघे शेजारी बसून ती हरवलेली पट्टी शोधली. ती गेलेली नव्हतीच. नुसती दडविलेली होती, व परत दाखविण्याची सोय होती. नवी बटणे रोज एक याप्रमाणे मास्तरांनी वहीत उतरवून घेतली. आता तर ती ते दुसऱ्यांस शिकवितात.

वाचकहो, आपल्या घरीही आजोबा मोबाईल हाती घेऊन तोच प्रश्न विचारतील. मुलांनो, तेव्हा त्यांच्या हातून तो ओढून घेऊन स्वतःच बटण दाबू नका. शेजारी बसा. त्यांचेच बोट त्या बटणापर्यंत जाऊ द्या.