मुलांचे पोट आणि बांबोळीची वाट

आमोण्यातले एखादे मूल महिनोन्महिने पोट धरून रडते, वजन वाढत नाही. आम्ही दृष्ट काढतो, जायफळ उगाळतो आणि अखेर बांबोळीला गोमेकॉ गाठतो. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारी ही संस्था आमचा आधार आहे. पण अशा दुखण्याला एक बाटली औषध पुरत नाही. डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ या सर्वांनी मूल पुन्हा पुन्हा पाहावे लागते. प्रत्येक फेरीला बापाचा रोज बुडतो, म्हणून दुसरी फेरी राहूनच जाते. आमचे स्पष्ट मत आहे : असे पथक महिन्यातून एकदा साखळीच्या आरोग्य केंद्रात बसावे. पालकांनीही वजनाची, खाण्याची नोंदवही सोबत न्यावी. मते मागायला येणाऱ्यांना समाजबांधवांनी आधी हाच प्रश्न विचारावा.