शेऱ्याचे चिन्ह आणि त्याचे नाव

संगणकावरील एखादी सेवा कोणत्या पोर्टवर उपलब्ध असावी, कोणाला प्रवेश मिळावा आणि नोंदी कोठे साठवाव्यात, हे ज्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवलेले असते तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. आणि त्या फाइलीतील जो मजकूर माणसाने वाचावा पण यंत्राने ओलांडून जावे अशी योजना असते, त्याला कमेंट म्हणतात. मराठी दप्तराला ही कल्पना नवी नाही. सातबाऱ्यातील गाव नमुना बारामध्ये शेऱ्याचा रकाना असतो आणि मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू दप्तरांत अशाच रकान्याला 'कैफियत' म्हणत. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ येथे तयार झालेल्या बेसिक या संगणकभाषेने कमेंटसाठी 'रेम' हा शब्द घेतला, तो 'रिमार्क' म्हणजे शेरा याचाच संक्षेप असून विंडोजच्या बॅच फाइलींत तो आजही वापरात आहे. शेरा हा शब्द या क्षेत्रात रूढ झाला नाही ही उणीव म्हणावी लागेल, कारण 'कमेंट'पेक्षा तो अधिक नेमका आहे.

मात्र खरी अडचण शब्दाची नसून चिन्हाची आहे. बेसिकने शेऱ्यासाठी शब्द निवडला, तर बहुतेक कॉन्फिगरेशन फाइलींनी एखादे चिन्ह निवडले. त्यांपैकी सर्वाधिक प्रचारात असलेल्या # या चिन्हाला भारतात आणि ब्रिटनमध्ये हॅश म्हणतात, अमेरिकेत पाउंड म्हणतात, युनिकोडमध्ये त्याचे अधिकृत नाव 'नंबर साइन' असे आहे, सी-शार्प या भाषेच्या नावात ते संगीतातील तीव्र स्वराच्या चिन्हाऐवजी लिहिले जाऊन 'शार्प' होते आणि अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या तंत्रज्ञांनी त्याला 'ऑक्टोथॉर्प' असेही म्हटले. पाउंड हे नाव वजनाच्या पौंडावरून आले आहे. पण ब्रिटिश वाचकाच्या दृष्टीने पौंडाचे चिन्ह म्हणजे चलनाचे चिन्ह, आणि योगायोग असा की अमेरिकी वर्णसंचात ३५ या क्रमांकावर जेथे हे चिन्ह आहे, तेथेच ब्रिटनच्या राष्ट्रीय आवृत्तीने चलनाचे पौंडचिन्ह बसवले होते. अर्धविराम, स्वल्पविराम यांसारखी नावे मराठीला आहेत, कारण एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने विरामचिन्हे मराठीत रुजली आणि शाळेत पोहोचली. हॅश हे विरामचिन्ह नसल्यामुळे त्या मांडणीत त्याला जागा मिळाली नाही आणि मराठीत ते नावावाचूनच आले.

नांदेड आणि लातूर येथे काम करणाऱ्यांसाठी हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. येथील महाविद्यालये, रुग्णालये, बँका आणि कार्यालये यांच्या सर्व्हरची देखभाल अनेकदा फोनवरून मिळणाऱ्या सूचनांनुसार होते. सूचना देणारा पुण्यात किंवा हैदराबादेत असतो, ऐकणाऱ्याची बोली मराठी, तेलुगू, कन्नड वा दखनी असते आणि समोरची माहितीपुस्तिका बहुधा अमेरिकी असते. 'त्या ओळीचा पाउंड काढा' ही सूचना ज्याने फक्त हॅश हे नाव ऐकले आहे त्याला कळत नाही, आणि 'ती ओळ कमेंट करा' ही सूचना तर चिन्हाचे नावच घेत नाही. चिन्ह कोणते हे फाइलीनुसार बदलते, त्यामुळे अशी सूचना अर्धवट राहते.

ते किती बदलते, याचे सर्वांत बोधक उदाहरण डोमेन नावांची सेवा देणाऱ्या बाइंड या प्रणालीत आढळते. तिच्या 'नेम्ड डॉट कॉन्फ' या मुख्य फाइलीत #, // आणि /* */ या तिन्ही प्रकारांनी कमेंट लिहिता येते, परंतु ; हे चिन्ह तेथे विधान संपल्याची खूण असते. त्याच प्रणालीच्या झोन फाइलीत, म्हणजे ज्या फाइलीत नावे आणि पत्ते यांची यादी असते तिच्यात, नेमके ; हेच कमेंटचे चिन्ह असून # तेथे चालत नाही. एकाच प्रणालीच्या दोन फाइली लागोपाठ उघडणाऱ्याचा हात चुकला, तर दोष त्याच्या एकट्याचा म्हणता येणार नाही. पीएचपीच्या 'पीएचपी डॉट आयएनआय' या फाइलीत पूर्वी # चालत असे, ५.३ या आवृत्तीत ते निरुत्साहित केले गेले आणि ७.० मध्ये काढून टाकले गेले, म्हणून जुन्या सर्व्हरवरील फाइल नव्यावर जशीच्या तशी नेण्यात धोका आहे. अपाचेमध्ये # ओळीच्या आरंभीच हवे, निर्देशाच्या पुढे त्याच ओळीत कमेंट लिहिता येत नाही. मायएसक्यूएलच्या पर्याय-फाइलीत मात्र # ओळीच्या मध्येही कमेंट सुरू करते, आणि म्हणूनच ज्या पासवर्डमध्ये # आहे तो अवतरणचिन्हांत न ठेवल्यास तेथेच तुटतो. याहून फसवी गोष्ट 'सुडोअर्स' या फाइलीची, जिच्यात कोणाला प्रशासकाचे अधिकार मिळावेत हे लिहिलेले असते. तेथे # ने सुरू होणारी 'इन्क्लूड'ची ओळ कमेंट नसून दुसरी फाइल जोडण्याची जिवंत आज्ञा असते, सुडोच्या १.९.१ या आवृत्तीपासून त्यासाठी @ चा पर्याय आला, परंतु जुन्या पद्धतीच्या ओळी अजूनही ग्राह्य आहेत. अधिकार वाटणाऱ्या फाइलीत अशी संदिग्धता राहू देणे हा रचनेचाच दोष आहे.

याउलट सांबा या प्रणालीच्या नमुना फाइलीने घालून दिलेला पाठ अनुकरणीय आहे. विंडोज आणि लिनक्स यांच्यात फाइलींची देवाणघेवाण घडवणाऱ्या या प्रणालीत # आणि ; ही दोन्ही चिन्हे कमेंटसाठी चालतात, पण नमुना फाइलीच्या प्रारंभीच दोन्ही चिन्हे नावांसह दाखवून सांगितले आहे की स्पष्टीकरणासाठी # आणि तूर्त बंद ठेवलेल्या आज्ञेसाठी ; वापरले आहे. हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण शेरा आणि स्थगित आज्ञा या दोन भिन्न गोष्टी आहेत: पहिला कायम राहावा अशी अपेक्षा असते, दुसरी कधीतरी पुन्हा लागू करायची असते. जेथे एकच चिन्ह चालते तेथे शेऱ्यापूर्वी चिन्हानंतर एक जागा सोडावी आणि स्थगित आज्ञेपूर्वी सोडू नये, एवढ्या शिस्तीनेही हा भेद डोळ्यांना दिसू शकतो.

शेरा मराठीत लिहावा की नाही, याबद्दल अकारण भीती आढळते. यंत्र जो मजकूर ओलांडून जाते तो देवनागरीत असल्याने सामान्यतः काही बिघडत नाही, आणि फाइलीतील हीच जागा अशी आहे जेथे पुढच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येते. अट एवढीच की मजकूर युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेला असावा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग होतो. विंडोजमधील जुने नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी तीन अदृश्य बाइटांची खूण घालत असे, त्यामुळे पहिल्या ओळीतील # प्रत्यक्षात पहिले राहत नसे आणि फाइल नाकारली जाऊ शकत असे. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून ही खूण आपोआप घातली जात नाही. वर्डमधून मजकूर उचलणेही टाळावे, कारण एसक्यूएलमध्ये कमेंटसाठी लागणाऱ्या दोन आडव्या रेघांची तो एक लांब रेघ करून टाकतो.

या मासिकाची सूचना अशी आहे की, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील प्रयोगशाळांनी # साठी हॅश आणि ; साठी अर्धविराम ही नावे बोलण्यात निश्चित करावीत, पाउंड हे नाव पुस्तिकेत आल्यास विद्यार्थ्याला त्याचा अर्थ सांगावा, परंतु सूचनेत ते वापरू नये. फोनवर सूचना देणाऱ्याने आधी फाइलीचे नाव, मग ओळीचा क्रमांक आणि मग चिन्हाचे नाव सांगावे, व ऐकणाऱ्याने ते उलट वाचून दाखवावे. स्थगित केलेल्या प्रत्येक आज्ञेच्या वर तारीख, करणाऱ्याची आद्याक्षरे आणि कारण मराठीत लिहावे. आपल्या प्रयोगशाळेत वा कार्यालयात या चिन्हांना याहून वेगळी नावे रूढ असतील, तर वाचकांनी ती संपादकांकडे अवश्य पाठवावीत. त्यांची एकत्रित यादी या मासिकात प्रसिद्ध केली जाईल.