हात यंत्रासाठीं कीं यंत्र हातासाठीं?

संगणकावर दिवसभर काम करणाऱ्या एखाद्या तरुणाचें मनगट दुखूं लागलें, बोटांस मुंग्या येऊं लागल्या आणि त्यानें निराळ्या घडणीचा माऊस किंवा कळफलक मागितला, कीं आपल्यांतील कित्येक वडीलधाऱ्यांस ते चोचले वाटतात. “आम्हीं जन्मभर लेखणी घासली, आम्हांस कोठें कांहीं झालें?” असा त्यांचा सवाल असतो. आमच्या मतें हा सवाल अज्ञानमूलक तर आहेच, पण निर्दयही आहे.

लेखणी घासणाऱ्यांस कांहीं होत नसे, हें मुळांतच खरें नाहीं. इटलींतील वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी यानें कारागिरांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तींत लेखनिकांच्या व्याधींवर स्वतंत्र प्रकरण आहे. सततची बैठक, हाताची एकाच दिशेनें अखंड हालचाल आणि मनावरील ताण, अशीं तीन कारणें तो देतो. त्याच्या ओळखीच्या एका नोटरीचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्यानें डाव्या हातानें लिहिण्याचा सराव केला, तों थोडक्याच काळांत त्याही हाताची तीच गत झाली.

सुशिक्षितांचा अविश्वास मात्र कायम आहे. लंडनमध्यें १९९३ सालीं एका पत्रकारानें आपल्या वृत्तसंस्थेवर लावलेल्या दाव्यांत न्यायाधीश प्रॉसर यांनीं ‘रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंजुरी’ ही संज्ञाच निरर्थक ठरविली. संज्ञा सैल आहे, हें आम्हांस मान्य आहे. स्नायुबंधांची सूज, मनगटांतील मज्जातंतूवरील दाब असे भिन्न विकार तिच्या पोटांत येतात. परंतु नांव सैल म्हणून दुखणें खोटें, हा तर्क कोणत्या शास्त्रांत बसतो?

आतां यंत्राकडे पाहूं. कळफलकाच्या ओळी एकमेकींपासून सरकलेल्या असतात, त्या बोटांच्या सोयीसाठीं नव्हेत. एकोणिसाव्या शतकांतील टंकलेखनयंत्रांत प्रत्येक कळीखालीं तरफ असे, आणि त्या तरफा एकमेकींस अडूं नयेत म्हणून ओळी तिरकस केल्या. तरफा गेल्या, तिरकसपणा राहिला. त्यांत १९९१ सालीं प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट रचनेंत मराठी लिहिणाऱ्यास जोडाक्षरासाठीं हलन्ताची आणि ‘ख’, ‘घ’ अशा अक्षरांसाठीं शिफ्टची कळ आणखी दाबावी लागते.

उलट, दोन भागांत विभागलेला कळफलक खांद्यांच्या रुंदीइतका दूर ठेवतां येतो, म्हणून मनगट सरळ राहतें. उभ्या माऊसवर हात हस्तांदोलनाच्या स्थितींत टेकतो, पालथा पडत नाहीं. ट्रॅकबॉलमध्यें हात स्थिर राहून गोळा फिरतो. पायानें दाबावयाची कळ आणि बोलून लिहिण्याची सोय बोटांस विसावा देतात.

या साधनांनीं व्याधि बरी होते, असा आमचा दावा नाहीं. विसावा न घेतां नुसतें साधन बदलणारा त्या नोटरीच्याच वाटेनें जाईल. ट्रॅकबॉलनें मनगट वांचलें तरी अंगठ्यावर भार येऊं शकतो. म्हणून, चष्म्याचा नंबर जसा डोळ्यांवरून ठरतो, तसें साधन ज्याच्या त्याच्या हातानें पारखून घ्यावें लागतें. पण चष्मा मागणाऱ्यास आपण आळशी म्हणतों काय?

कित्येक कचेऱ्यांची रीत अशी, कीं आधीं हात बिघडूं द्यावा, मग वैद्याचा दाखला मागावा आणि त्यानंतर साधनाचा विचार करावा. ही रीत उलटी झाली पाहिजे. खुर्ची आणि दिवा न मागतां मिळतात, तसें हातास मानवणारें साधन आणि मधून मधून विसावाही मिळावा. घरांतील वडीलधाऱ्यांनीं तर साधनाची थट्टा करण्यापूर्वीं मुलाचा हात एकदां हातांत घेऊन पाहावा.