एक पासवर्ड, सहा हात. मग चूक कुणाची?

तालुक्याच्या गावातली एखादी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर तीन कॉम्प्युटर, आतल्या खोलीत व्यवस्थापकांचा एक. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही आणि नवी मशीन घ्यायची तर संचालक मंडळाची मंजुरी हवी. मग हार्डवेअरची कामे करणारा ओळखीचा मुलगा येतो आणि एका दुपारीत चारही मशीनवर लिनक्स मिंट टाकून देतो. ब्राउझर चालतो, लिबरऑफिस उघडते, प्रिंटरही निघतो. सगळे खूश. जाता जाता तो मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवतो. युजरचे नाव ‘ऑफिस’, पासवर्ड १२३४. चारही मशीनवर तोच.

लिनक्स फुकट आहे, हलके आहे, त्यावर व्हायरसचा त्रास कमी, हे कौतुक आता बहुतेकांना पाठ झाले आहे. त्या चिठ्ठीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. खरे तर लिनक्सची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे मशीनवर कोण बसले आणि त्याला काय करायची मुभा आहे, याचा काटेकोर हिशेब. ती चिठ्ठी त्याच हिशेबावर बोळा फिरवते.

‘आमच्याकडे सगळे घरचेच आहेत’

वेगवेगळ्या लॉगिनचा विषय काढला की हे उत्तर ठरलेले. ऑफिसात सहा माणसे, सगळी ओळखीची, कोणावर अविश्वास दाखवायचा? ऐकायला बरे वाटते. पण एका संध्याकाळी थकबाकीदारांच्या यादीची फाइल गायब होते, किंवा एखाद्या सभासदाचा आधार क्रमांक आणि फोटो भलत्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसतो. चौकशी सुरू होते. मशीन प्रामाणिकपणे सांगते, की हे काम ‘ऑफिस’ने केले. ‘ऑफिस’ म्हणजे सहाही जण, म्हणजेच कोणीही नाही.

अशा वेळी बोट कोणाकडे वळते, हे ऑफिसात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. व्यवस्थापकांकडे नाही, जुन्या लेखनिकांकडेही नाही. वळते ते अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या ऑपरेटरकडे. दिवसभर मशीनसमोर तोच बसतो ना! त्याने ते केले नसेलही. पण ‘मी केले नाही’ हे दाखवायला त्याच्याकडे काय आहे? सामाईक लॉगिनमुळे चोर लपतो, हा तोटा आहेच. निर्दोष माणसाचा पुरावा नाहीसा होतो, हा त्याहून मोठा. म्हणून स्वतंत्र लॉगिनकडे अविश्वास म्हणून बघणे चुकीचे आहे. सगळ्यात खालच्या पगारावरच्या माणसाचे ते संरक्षण आहे आणि त्यानेच ते हट्टाने मागायला हवे.

शून्य नंबरचा मालक

लिनक्सचा वारसा युनिक्सचा. युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सुरू झाले. त्या काळात कॉम्प्युटर एक आणि वापरणारे अनेक, अशी स्थिती होती. त्यामुळे ‘ही फाइल कोणाची?’ हा प्रश्न या घराण्यात सुरुवातीपासून आहे. घरगुती पीसी एका टेबलावर एका माणसासाठी आला आणि सगळे काही एकाच नावाने करायची सवय आपल्याला तिथून लागली. मशीन बदलले, सवय तीच राहिली.

लिनक्समध्ये प्रत्येक युजरला एक क्रमांक असतो. मशीन नाव बघत नाही, हा क्रमांक बघते. शून्य क्रमांक ‘रूट’चा. त्याला कुठलीच मनाई नाही; तो पूर्ण सिस्टीम पुसून टाकू शकतो आणि मशीन त्याला अडवणार नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा यांसारख्या आजच्या प्रणालींत साध्या माणसांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात. युजरांची यादी एका साध्या फाइलमध्ये असते आणि ती कोणीही वाचू शकतो. पासवर्ड मात्र तिथे नसतात. त्यांचे उलट न फिरवता येणारे रूप ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेले असते आणि ती वाचायची परवानगी साध्या युजरला नसते.

रोजच्या कामासाठी रूट म्हणून बसणे धोक्याचे. त्यावरचा तोडगा म्हणजे ‘सुडो’. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या विद्यापीठात १९८० च्या सुमारास तो जन्मला. तुम्ही तुमच्याच नावाने बसता, गरज पडेल तेवढ्या एका कामापुरता मोठा अधिकार मागता आणि मशीन तुमचाच पासवर्ड विचारते. कोणी, केव्हा, कुठली कमांड चालवली, याची नोंदही होते. सरकारी ऑफिसातले हालचाल रजिस्टर आठवा. फरक एवढाच, की इथे ‘आल्यावर लिहितो’ चालत नाही. उबुंटू तर २००४ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचा पासवर्ड बंदच ठेवते आणि सगळा कारभार सुडोवर चालवते.

मेख इथेच आहे. उबुंटू किंवा मिंट टाकताना जो पहिला युजर तयार होतो, त्याला सुडोचा अधिकार आपोआप मिळतो. चिठ्ठीवरचा ‘ऑफिस’ हा तो पहिला युजर. म्हणजे चिठ्ठी वाचू शकणारा प्रत्येक जण, अगदी चहा घेऊन आत येणारा मुलगासुद्धा, मशीनचा मालक झाला.

अर्ध्या तासाचे काम

हे सुधारायला काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत बसायची गरज नाही. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये ‘युजर्स’ आहे, मिंटमध्ये ‘युजर्स अँड ग्रुप्स’. तिथे माणसागणिक नाव घालायचे आणि प्रकार निवडायचा ‘स्टँडर्ड’. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ एकच, फार तर दोन. त्यांचे पासवर्ड बंद पाकिटात, सही करून तिजोरीत ठेवले, की व्यवस्थापक आजारी पडले तरी काम अडत नाही. खुद्द व्यवस्थापकांनीही रोजचे काम स्टँडर्ड खात्यातून करावे. हे सांगणे अवघड जाते, कारण ‘साहेबांना मर्यादित अधिकार’ हे वाक्यच आपल्याकडे अपमानासारखे ऐकू येते.

पुढची तक्रार ठरलेली: मग एकमेकांच्या फाइली कशा उघडायच्या? त्यासाठी ग्रुप असतात. ‘वसुली’ नावाचा ग्रुप करा, त्यात तिघांना घाला आणि एक सामाईक फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करा. फोल्डरला एक खास परवानगी देता येते. ती दिली, की आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप ग्रुपच्या नावावर जाते. ‘उमास्क’ नावाची सेटिंग ग्रुपला लिहायची मुभा देणारी आहे ना, तेवढे बघून घ्यायचे, नाहीतर फाइल उघडेल पण सेव्ह होणार नाही. आणि जुन्या उबुंटूवर एका युजरचे घरचे फोल्डर दुसऱ्याला सहज वाचता येत असे, २१.०४ या आवृत्तीपासून नव्या युजरसाठी ते डीफॉल्टनेच बंद झाले. मशीन त्याआधीचे असेल तर ही परवानगी स्वतः तपासावी लागते.

दुसरी सबब प्रिंटरची. ‘प्रिंट अडकली की ॲडमिन लागतो, म्हणून सगळ्यांना ॲडमिन केले.’ उबुंटू आणि मिंटमध्ये प्रिंटरच्या कारभारासाठी ‘एलपीॲडमिन’ हा वेगळा ग्रुपच आहे. काउंटरवरच्या एका माणसाला त्यात घातले, की अडकलेली रांग तो मोकळी करेल; बाकी सिस्टीमला त्याचा हात लागणार नाही.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात चांगले चांगले पडतात. कमांड वापरून एखाद्याला नव्या ग्रुपात घालताना ‘यूजरमॉड’ला मोठ्या ‘जी’सोबत छोटा ‘ए’ द्यायचा असतो. तो राहिला तर माणूस नव्या ग्रुपात जातो, पण आधीच्या सगळ्या जोड-ग्रुपांतून बाहेर पडतो. त्यात सुडोचा ग्रुपही आला. एकुलत्या एक ॲडमिनने स्वतःवरच हा प्रयोग केला, तर पुढच्या लॉगिननंतर त्या मशीनला मालकच उरत नाही! रिकव्हरी मोडमधून ते निस्तरता येते, पण तोवर काउंटर बंद. ॲडमिन दोन असावेत, ते यासाठीही.

माणूस जातो तेव्हा

नवे खाते उघडायला सगळे उत्साही असतात. माणूस नोकरी सोडून गेला, की त्याचे खाते कोणाच्याच लक्षात राहत नाही. लक्षात आलेच तर रागाच्या भरात ते डिलीट होते. दोन्ही वाईट.

डिलीट का करू नये? मशीन क्रमांक बघते, नाव नाही. समजा गेलेल्या माणसाचा क्रमांक १००४ होता. खाते काढले, पण सामाईक फोल्डरमधल्या त्याच्या फाइली तशाच राहिल्या, १००४ च्या मालकीच्या. महिन्याभराने नवा ऑपरेटर आला आणि मशीनने मोकळा झालेला १००४ त्याला दिला. आता त्या सगळ्या जुन्या फाइली नव्याच्या नावावर दिसतात. रुजू होण्याआधीच्या कामाची जबाबदारी त्याच्या गळ्यात! म्हणून खाते काढू नका, बंद करा.

बंद करणेही नीट समजून करावे लागते. नुसता पासवर्ड कुलूपबंद केला, तरी दूरवरून लॉगिन करायची ‘एसएसएच की’ ठेवून गेलेला माणूस आत येऊ शकतो, कारण ती वाट पासवर्ड विचारतच नाही. म्हणून खात्याची मुदतच संपवायची. ‘चेज’ या कमांडने ते होते. हीच सोय करारावरच्या माणसासाठी पहिल्या दिवशीच वापरावी. करार ३१ मार्चला संपतो ना, तर खात्यालाही तीच तारीख. मशीन टाकून देणाऱ्या मुलासाठीही वेगळे खाते हवे. तो आला की उघडायचे, गेला की बंद.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती मात्र नको. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच अशी ठरावीक मुदतीची सक्ती टाळायला सांगितले. कारण साधे आहे: जानेवारीत शेवटी १ लावणारा माणूस फेब्रुवारीत २ लावतो आणि मार्चमध्ये पुन्हा चिठ्ठी चिकटवतो. लांबलचक मराठी वाक्याचा एक पासवर्ड, फुटल्याचा संशय आला तरच बदलायचा.

कुलूप चांगले, पण दाराचे काय?

एवढे करून निर्धास्त होता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सुडोमध्येच एक भोक सापडले. ते २०११ पासून तिथे होते आणि त्यातून मशीनवरचा कोणताही साधा युजर रूट होऊ शकत होता. दुरुस्ती लगेच आली, पण ती मिळाली अपडेट करणाऱ्यांनाच. स्टँडर्ड खात्यांची सगळी मांडणी अपडेटवर उभी आहे. तेव्हा सुरक्षा अपडेट आपोआप चालू ठेवणे हेही रोजच्या कारभारातच येते. शिवाय डिस्क एनक्रिप्ट केलेली नसेल, तर मशीन उचलून नेणाऱ्यापुढे लॉगिनचा पासवर्ड निरुपयोगी. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की झाले.

नोंदी ठेवायची सक्ती कायद्यातही आली आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपायला सांगितले. पण ज्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीवर ‘ऑफिस’ लिहिले आहे, तो १८० दिवस जपून चौकशी अधिकाऱ्याला काय सापडणार?

आता त्या चिठ्ठीवरच्या ‘ऑफिस’चे काय करायचे? घाईने उडवू नका. वर्षभराच्या सगळ्या फाइली त्याच्याच मालकीच्या आहेत. आधी नवा ॲडमिन तयार करा, त्या खात्यातून लॉगिन करून सुडो चालते का ते बघा. चालले, की ‘ऑफिस’ला स्टँडर्ड करा. फाइली ज्याच्या त्याच्या किंवा ग्रुपच्या नावावर करा, बॅकअप घ्या, मग खात्याची मुदत संपवा. हे चारही मशीनवर करायचे आहे. शनिवारी दुपारी काउंटर बंद झाल्यावर सुरुवात केली, तर अंधार पडायच्या आत होते.