सीटखाली काय शिजतंय?

पनवेलमध्ये एमएच-06 नंबरची जुनी मारुती व्हॅन दिसली, की समजायचं, हिच्यात कुणाच्या तरी पप्पांचा जीव अडकलाय. पनवेलला स्वतःचं आरटीओ आणि एमएच-46 मिळण्याआधीची ही पेणच्या पासिंगची मंडळी. आपण हार्बर लोकलने ऑफिस गाठतो, व्हॅन पाच दिवस बिल्डिंगखाली धूळ खाते. शनिवारी गँग भरून लोणावळ्याला निघालो की खोपोलीच्या पुढे हिचा खोकला सुरू! मग गॅरेजवाला सीट उचलतो, मान हलवतो आणि म्हणतो, ‘‘हेड खोलावं लागेल.’’

एकदम हेडच? बॉस, जरा थांबा.

या गाडीचं 796 सीसीचं इंजिन तुमच्या सीटखालीच बसलंय आणि त्याला सिलिंडर फक्त 3. म्हणजे एक झोपला की एक तृतीयांश ताकद गेली. त्यामुळे मेकॅनिकला आधी एवढंच म्हणायचं, ‘‘दादा, एकेक प्लगची लीड काढून आवाज ऐकवा ना.’’ चालू सिलिंडरची लीड काढली की इंजिन अडखळतं. ज्याची काढूनही आवाजात काही फरक पडत नाही, तो आपला चोर. (हे काम त्यालाच करू द्या, शॉक सणसणीत बसतो.) मग तो प्लग बाहेर काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा, काजळीने काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. चोक अडकला असेल किंवा एअर फिल्टर चोंदला असेल. ऑइलने ओला असेल, तर मात्र रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलपर्यंत जावं लागेल, खिसा सांभाळा.

पावसाळ्यात तर याहून सोपं. पनवेलचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की गाडी मिस मारते. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली की बऱ्याचदा काम होतं. लीड्सचा संशय असेल तर रात्री अंधारात सीट उचलून इंजिन चालू ठेवा. निळ्या ठिणग्या बाहेर उड्या मारताना दिसल्या की समजा, करंट प्लगपर्यंत पोचतच नाहीये.

आठवडाभर उभ्या गाडीचं दुखणं वेगळं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि स्लो जेट बुजतो. एक्सिलरेटर दाबला की पळते, सिग्नलला सोडला की बंद! इथे हेडचा काय संबंध? जेट साफ करायचा, बास. आणि हो, आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्या काळच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्या हिशेबाने बनलेले नव्हते. या गाडीत पेट्रोलचा वास आला तर काचा उघडून पुढे जायचं नाही. गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळे खाली. गरम इंजिनवर आपण बसलोय, हे विसरू नका.

घाटाची गोष्ट सगळ्यात महागडी. चाळीसही हॉर्सपॉवर नसलेलं इंजिन, आत 7 माणसं, त्यांच्या बॅगा आणि समोर बोरघाट. टेंपरेचरचा काटा वर सरकतोय आणि मागून कुणीतरी म्हणतं, ‘‘चल रे, वर गेल्यावर बघू.’’ तिथेच घात होतो. बाजूला सुरक्षित जागा बघून थांबा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. निदान अर्धा तास तरी गप्पा मारा.

घरी आल्यावर कारण शोधायचं. पुढचा फॅन आपोआप सुरू होतो का? रेडिएटर गंजाने भरलाय का? पाण्याच्या नळ्यांत हवा अडकलीये का? काहीजण थर्मोस्टॅटच काढून फेकतात. मला हा जुगाड अजिबात पटत नाही. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ रोग आहे तिथेच राहतो.

ही गाडी 2019 मध्येच बंद झालीये. पप्पांच्या व्हॅनला 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी आरटीओत रजिस्ट्रेशन नव्याने करावं लागतं, त्यामुळे ‘एवढा खर्च करायचा की भंगारात काढायची?’ हा वाद घरोघरी आहे. तो वाद ‘हेड खोलावं लागेल’ एवढ्याच वाक्यावर मिटवू नका. हेड गॅस्केट खरंच गेली असेल तर पुरावा मिळतो : ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसतं, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, गळती नसताना पाणी कमी होतं. यातलं काही असेल तर खुशाल खोलायला सांगा. पण हेड लेथवाल्याकडे पाठवून सपाट आहे का ते तपासून घ्या, नाहीतर वाकड्या हेडवर बसवलेली नवी गॅस्केट पुढच्या घाटात पुन्हा उडेल. आणि जुनी गॅस्केट मागून घ्या. ती कुठे जळलीये, ते तिच्यावरच दिसतं. पप्पांनाही दाखवता येईल.